उतरत्या छपराच्या माळ्यासाठी परवडणारे इन्सुलेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे सोप्यापासून अवघडाकडे लावले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. 'इन्सुलेशन' म्हणजे उष्णता अडवणारा थर, 'गाळा' म्हणजे दोन वाशांमधली मोकळी जागा. उष्णतेचे आकडे कोरड्या आणि नीट बसवलेल्या मालाचे आहेत. ओला किंवा चेपलेला माल या आकड्यांच्या जवळही जात नाही.

१. माळ्यावर नुसते सामान ठेवतो, कुणी राहत नाही. तरी छपरालाच इन्सुलेशन करायचे का?

नको. माळ्याच्या जमिनीवर करा. खर्च वाचवायचा यापेक्षा मोठा मार्ग नाही. छपराचा उतार ४५ अंशांचा असेल तर दोन्ही उतारांचे क्षेत्रफळ खालच्या जमिनीच्या सुमारे १.४ पट भरते, त्यात दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंती वेगळ्या. शिवाय जमिनीवर जाडीला बंधन नसते. सर्वात स्वस्त ग्लासवूलचा (काचेच्या तंतूंच्या मऊ गादीचा) एक थर तुळयांच्या मधे आणि दुसरा त्यावर आडवा, असे मिळून २०० ते ३०० मिमी सहज बसते.

दोन पथ्ये पाळा. वळचणीशी हवा येण्याची वाट बुजवू नका, आणि सामान थेट वूलवर रचू नका, कारण ते चेपले की त्याचा गुण जातो. सामानासाठी फळ्या उंच करून टाका. माळ्यावर चढायच्या झडपेच्या पाठीला इन्सुलेशन आणि कडेला रबरी पट्टी लावायची राहून जाते. तेवढ्या एका चौकोनातून बरीच उष्णता ये-जा करते.

पुढची सगळी उत्तरे माळ्यावर राहायची किंवा काम करायची खोली आहे असे धरून लिहिली आहेत.

२. सगळ्यात स्वस्त माल कोणता?

रोलचा किंवा शीटचा भाव पाहून हे ठरत नाही. मालाचा उष्णतेला किती विरोध आहे, म्हणजे त्याचे आर-मूल्य किती आहे, ते पाहावे लागते. हिशेब सोपा आहे: मीटरमधल्या जाडीला मालाच्या के-मूल्याने (उष्णतावाहकतेने) भागा. १०० मिमी ग्लासवूलचे के-मूल्य ०.०४० असेल तर आर २.५ येतो. आता एका चौरस मीटरच्या भावाला या आर-मूल्याने भागा. ज्याचे उत्तर लहान, तो माल स्वस्त.

तोच आर २.५ मिळवायला पांढरे थर्माकोल (ईपीएस, के ०.०३७) सुमारे ९३ मिमी लागते, करडे ग्रॅफाइटयुक्त थर्माकोल (०.०३१) ७८ मिमी, एक्सपीएस (थर्माकोलच्याच जातीची घट्ट शीट, ०.०३३) ८३ मिमी आणि पीआयआर शीट (पॉलिआयसोसायन्युरेट नावाच्या ताठ फोमची, ०.०२२) फक्त ५५ मिमी.

बहुतेक बाजारांत दर आर-मूल्यामागे ग्लासवूल सर्वात स्वस्त पडते, मग थर्माकोल, आणि पीआयआर बरेच महाग. पण या हिशेबात टेप, फोम, रिपा, बाष्परोधक (वाफ अडवणारा कागद, प्रश्न ६) आणि आतले अस्तर (खोलीच्या बाजूने दिसणारे आवरण) हेही धरा. वासे उथळ असतील तर स्वस्त मालासाठी आधी रिपा ठोकून खोली वाढवावी लागते आणि 'स्वस्त' माल महागात पडू शकतो.

३. कोणत्या मालाचा गुण काय आणि खोट काय?

ग्लासवूल आणि रॉकवूल (दगडाच्या तंतूंचे) जळत नाहीत, आवाज अडवतात आणि वाकड्यातिकड्या गाळ्यातही घट्ट बसतात. जुन्या छपरात वासे क्वचितच समांतर असतात, तिथे हा गुण फार मोलाचा. खोट अशी की त्यांतून वारा आरपार जातो, ओलीने ते निकामी होतात, आणि हलका रोल उतारावर हळूहळू खाली घसरून वर आढ्याशी रिकामी पट्टी सोडतो. उतारासाठी दर घनमीटरला २४ किलो किंवा त्याहून घट्ट माल घ्या.

थर्माकोल हलके आणि स्वस्त. मात्र ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, पेटते, आणि ताठ असल्याने गाळ्यात अचूक कापावे लागते. उन्हात तापणाऱ्या गडद पत्र्याला ते चिकटवू नका. एक्सपीएस पाणी जवळजवळ शोषत नाही, पण उतरत्या छपरात त्या गुणाचे पैसे मोजायची गरज सहसा नसते.

पीआयआर कमी जाडीत सर्वाधिक विरोध देते. डोके आपटेल इतका माळा बुटका असेल तर ते घ्या. नाहीतर ते वाशांच्या खालच्या पातळ थरापुरतेच ठेवा (प्रश्न ४). लाकूडतंतूंच्या शीट जड आणि महाग असतात, पण दुपारचे ऊन आत पोचायला त्या कित्येक तास लावतात.

४. जाडी किती ठेवू? वाशांमधे भरले की पुरे ना?

पुरत नाही, कारण वासा स्वतः उष्णता वाहून नेतो. लाकडाचे के-मूल्य सुमारे ०.१३, म्हणजे इन्सुलेशनच्या तिप्पट-चौपट. ५० मिमी रुंद वासे ४०० मिमीच्या अंतराने असतील तर छपराचा आठवा हिस्सा नुसता लाकडाचा.

एक उदाहरण पाहू. वासा १५० मिमी खोल आहे, वर ५० मिमी हवेची जागा सोडली (प्रश्न ५), उरलेल्या १०० मिमीत ०.०३५ चे वूल भरले. वुलाचा आर सुमारे २.९, पण वासे धरून सगळ्या छपराचा सरासरी आर २.१ च्या आसपास उतरतो. आता वाशांच्या खालून, सलग, ५० मिमी पीआयआर मारले की सरासरी ४.७ वर जाते. तेवढीच शीट वाशांमधे तुकडे करून घातली असती तर हा फायदा झाला नसता. सलग थर वाशांनाही झाकतो, म्हणून तो इतके काम करतो.

बजेट तोकडे असेल तर वाटणी अशी करा: गाळ्यात स्वस्त वूल आणि खालून पातळ पण अखंड थर. खालच्या थराला २५ मिमी थर्माकोल वापरले तरी फरक पडतो. किमान आर किती हवा हे बांधकाम नियमांत हवामानानुसार ठरलेले असते, माल घेण्याआधी ते बघून घ्या.

५. इन्सुलेशनच्या वर हवेची जागा खरेच लागते का? तीही भरून टाकली तर जास्त फायदा नाही का?

कौलांखाली किंवा पत्र्याखाली डांबरी कागद, प्लास्टिक, प्लायवूड असा वाफ न सोडणारा थर असेल तर ५० मिमी मोकळी जागा हवीच. आतली ओलसर हवा कुठून ना कुठून वर जाते, थंड पृष्ठभागावर तिचे पाणी होते. त्याला सुकायला वारा नसेल तर वासे आणि रिपा कुजतात, आणि अस्तराआड असल्यामुळे ते वर्षानुवर्षे दिसत नाही.

नुसती जागा सोडून भागत नाही, ती खालून वर वाहती हवी. उतारालाच इन्सुलेशन असलेल्या छपराला वळचणीशी सलग २५ मिमी आणि आढ्याशी सलग ५ मिमी फटीइतके तोंड हे रूढ माप आहे. तोंडाला ३ ते ५ मिमीची जाळी बसवा. मधे खिडकी किंवा धुराडे आल्याने गाळा तुटत असेल, तर शेजारच्या गाळ्यात हवा जाईल अशी वाट ठेवा.

वाफ सोडणारा झिरपता पडदा आधीच बसवलेला असेल तर जागा कमी चालते, कधी मुळीच लागत नाही. ते त्या पडद्यासोबतच्या सूचनांवर ठरते. पडदा नक्की कोणता हे कळत नसेल तर ५० मिमी सोडा.

६. प्लास्टिकचा बाष्परोधक आतून लावायचा की बाहेरून?

नियम एकच: वर्षाचा जास्त काळ जी बाजू उबदार आणि दमट असते, त्या बाजूला.

जिथे घर आतून तापवावे लागते तिथे तो आतून, म्हणजे इन्सुलेशन आणि अस्तर यांच्या मधे येतो. १२५ ते २५० मायक्रॉनचा पॉलिथिन कागद घ्या, जोड १५० मिमी एकावर एक चढवून टेपने बंद करा, भिंतीशी कडा सीलंटने चिकटवा. दिव्यासाठी पाडलेले एकच भोक सगळी मेहनत वाया घालवते, कारण वाफ कागदातून झिरपते त्याच्या कितीतरी पट अशा भोकातून हवेबरोबर जाते.

जिथे बाहेर उष्ण-दमट हवा आणि आत एसी असतो, तिथे वाफ बाहेरून आत येते. तिथे आतून प्लास्टिक लावले तर त्याच्या पाठीवर पाणी साठते आणि बुरशी धरते. अशा ठिकाणी आतले अस्तर वाफ सोडणारे ठेवा, आणि रोधक लावायचाच तर बाहेरच्या अंगाला. दोन्ही बाजूंनी प्लास्टिक कधीच नको: आत अडकलेल्या ओलीला मग बाहेर पडायला वाटच उरत नाही.

७. चकाकणारी फॉइल किंवा बबल शीट लावली तर बाकी काही लागत नाही, असे विक्रेते सांगतात. खरे का?

नाही. चांगली स्वच्छ फॉइल सुमारे ९५ टक्के उष्णता-किरण परतवते, हे खरे. पण त्यासाठी चकाकत्या बाजूपुढे निदान २० ते २५ मिमी हवा हवी. फॉइल पत्र्याला किंवा अस्तराला टेकली की ती नुसता धातूचा पातळ कागद उरते. ४ मिमी बबल शीटचा स्वतःचा आर ०.१ च्या आसपास असतो, म्हणजे १०० मिमी वुलाच्या पंचविसाव्या हिश्श्याइतका.

कडक उन्हाच्या प्रदेशात, पत्र्याखाली, हवेची जागा ठेवून फॉइल जरूर लावा. कमी पैशांत उपयोगी पडणारा हा थर आहे. चकाकती बाजू खाली ठेवा. वर ठेवली तर तिच्यावर धूळ बसते आणि गुण जातो. थंडीत मात्र तिच्यावर विसंबू नका. आणि लक्षात ठेवा, फॉइल वाफ अडवते आणि वीज वाहते. म्हणजे ती बाष्परोधकच समजून जागा ठरवा (प्रश्न ६), आणि स्टेपल मारताना वायर टोचली जाणार नाही हे पाहा.

८. ग्लासवूल गाळ्यात कसे बसवायचे? घसरू नये म्हणून काय करू?

आधी छप्पर गळत नाही ना, वासा कुठे मऊ पडला नाही ना, हे तपासा. पेचकस टोचून पाहा: सहज रुतला तर आधी तो वासा दुरुस्त करा.

प्रत्येक गाळ्याची रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. ३५० मिमी भरली तर तुकडा ३६० ते ३६५ मिमीचा कापा. वाशांना दाबून तो आपल्या बळावर उभा राहतो. रोल पसरून लांबीत चिरण्यापेक्षा आडवा कापा, म्हणजे रोलची रुंदी गाळ्याच्या लांबीत येते आणि कापलेली रुंदी गाळ्यात घट्ट बसते. वूलवर फळी दाबून, लांब पात्याच्या सुरीने एका ओढीत कापा. कात्रीने कडा चेपतात.

५० मिमी जागा राखायला वाशांच्या बाजूला, वरून ५० मिमीवर, बारीक खिळे ठोकून त्यांवर नायलॉनची दोरी नागमोडी ताणा. ती वूल वर सरकू देत नाही. मग वळचणीकडून वर चढत जा, प्रत्येक तुकडा खालच्याला घट्ट टेकवा. हलका माल असेल तर खालूनही तशीच दोरी मारा.

१५० मिमीचे वूल १०० मिमीत दाबून भरू नका. जास्त पैसे मोजून विरोध १०० मिमीच्या मालापेक्षा फारसा वाढत नाही, उलट अस्तर फुगते. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, चष्मा आणि एन-९५ मास्क घाला. काम झाल्यावर अंग आधी गार पाण्याने धुवा.

९. ताठ शीट बसवताना कडेला फट राहतेच. चालेल का?

चालणार नाही. फटीतून थंड हवा शीटच्या पाठीमागे फिरू लागली की शीट असून नसल्यासारखी होते. उपाय थोडा उलटा वाटेल: शीट तंतोतंत कापण्याच्या मागे लागू नका, गाळ्यापेक्षा १० मिमी अरुंद कापा, म्हणजे दोन्ही अंगांना ५ मिमी राहील. ती तात्पुरत्या खिळ्यांवर टेकवा आणि फटीत बंदुकीने फोम भरा. २ मिमीच्या फटीत फोमचे नळकांडे आत जातच नाही, म्हणून ५ मिमी बरे. फोम वाळल्यावर वाढीव भाग कापा आणि जोडांवर किमान ७५ मिमी रुंद ॲल्युमिनियम टेप दाबून लावा. टेप धुळीवर चिकटत नाही, आधी जागा पुसून घ्या.

१०. माल किती मागवू?

उताराची लांबी वळचणीपासून आढ्यापर्यंत प्रत्यक्ष मोजा. खालच्या नकाशावरून काढत असाल तर नकाशातल्या मापाला ३० अंशांना १.१५ ने, ४५ अंशांना १.४१ ने गुणा. समजा उतार ४ मीटर, घराची लांबी ६ मीटर, दोन बाजू: ४८ चौरस मीटर. वाशांचा आठवा हिस्सा वजा केला की गाळ्यांसाठी ४२ उरतात. त्यात वुलाला ५ ते ८ टक्के, ताठ शीटला १० टक्के वाया जाणारा माल धरा. वाशांखालच्या सलग थराला मात्र वजावट नाही, पूर्ण ४८ आणि वर १० टक्के.

वजनही पाहा. १०० मिमी वूल दर चौरस मीटरला दोन-अडीच किलो, पण १२.५ मिमी जिप्सम बोर्ड ८ ते १० किलो. बारीक वाशांच्या जुन्या छपरावर खरा भार अस्तराचा येतो.

११. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातले थर्माकोल किंवा कारखान्यातून नाकारलेल्या शीट वापरून पैसे वाचतील का?

खोक्यातले थर्माकोल नको. त्यात आग मंदावणारे द्रव्य सहसा नसते आणि तुकड्यांचे जोड हजार होतात. नाकारलेल्या पीआयआर शीट मात्र चांगला सौदा असू शकतात. कडा तुटलेल्या किंवा वरचा कागद सुरकुतलेला असेल तर हरकत नाही. फोमपासून कागद सुटलेला, शीट वाकलेली किंवा जाडी दोन टोकांना वेगळी असेल तर घेऊ नका. आणि कोणतीही फोमशीट उघडी ठेवू नका: खोलीच्या बाजूने जिप्सम बोर्ड हवाच, तो आगीपासून मिनिटे मिळवून देतो.

१२. पाठीमागून फोम फवारून घेणे सोपे नाही का?

सोपे आहे, पण कौलांच्या किंवा पत्र्याच्या पाठीवर थेट फवारणीला आमचा विरोध आहे. कौल वाशांना चिकटते, मग एक फुटके कौल बदलायला आजूबाजूचे सगळे तोडावे लागते. गळती फोमआड लपते आणि लाकूड आतल्या आत कुजते. फवारायचेच असेल तर मधे ५० मिमी वाहती जागा ठेवणारी शीट आधी बसवा. फवारणीच्या वेळी आणि कंपनीने सांगितलेला वेळ संपेपर्यंत घरात कुणी थांबू नये, त्यातली आयसोसायनेट नावाची रसायने श्वसनाला घातक असतात.

१३. वायरी आणि छतातले दिवे इन्सुलेशनखाली गेले तर?

वायर पूर्ण वेढली गेली की उष्णता बाहेर पडत नाही. अर्ध्या मीटरहून लांब भाग चारही बाजूंनी झाकला असेल तर तिची वीज वाहण्याची क्षमता निम्मी धरतात. गिझर किंवा एसीची वायर इन्सुलेशनच्या खाली, अस्तराला लागून न्या किंवा जाड घाला. पीव्हीसी वायर थर्माकोलला टेकू देऊ नका: वायरीतले मऊ ठेवणारे द्रव्य थर्माकोलमध्ये उतरते आणि आवरण कडक होऊन तडकते. मधे पाइप घाला. छतात खोल बसणाऱ्या दिव्यांऐवजी पृष्ठभागावर बसणारे दिवे घ्या, म्हणजे बाष्परोधकाला भोकही पडत नाही.

१४. खोलीच्या कडेला बुटकी भिंत घातली आहे, तिच्यामागे त्रिकोणी पोकळी आहे. तिथे काय करू?

दोनपैकी एकच रेषा निवडा. एक तर उताराचे इन्सुलेशन थेट वळचणीपर्यंत न्या, मग पोकळी खोलीचाच भाग होते. किंवा बुटक्या भिंतीच्या पाठीला आणि पोकळीच्या जमिनीला इन्सुलेशन करा. दुसरा मार्ग धरला तर भिंतीखाली, जमिनीच्या तुळयांमधली पोकळी ठोकळ्यांनी बंद करा. नाहीतर वारा खोलीच्या जमिनीखालून आरपार वाहतो आणि बाकी सगळे करूनही पाय गार पडतात.

१५. सगळे केले, तरी दुपारी खोली तापते. कुठे चुकले?

आधी काच पाहा. छपरातल्या खिडकीतून आलेले ऊन इन्सुलेशन अडवत नाही, पडदा बाहेरून लावा. मग आढ्याशी हात लावून पाहा: वूल घसरलेले असेल तर तिथे अस्तर जास्त गरम लागते. बाहेरून छप्पर फिकट, ऊन परतवणाऱ्या रंगाचे केले तर मुळात तापणेच कमी होते. संध्याकाळी खोली निवत नसेल तर आत शिरलेली उष्णता इन्सुलेशनमुळे कोंडली आहे. रात्री आढ्याजवळची खिडकी आणि खालची खिडकी दोन्ही उघडा.

१६. अस्तरावर डाग आले. गळती की आतली वाफ?

पावसानंतर, एकाच ठिकाणी, धुराड्याच्या किंवा खिडकीच्या जवळ डाग पडला तर गळती. पाऊस नसताना थंड, निरभ्र सकाळी, बऱ्याच भागावर ओल दिसली तर वाफ. अस्तराचा तुकडा काढून खिळ्यांची टोके पाहा: त्यांवर थेंब किंवा गंजाची वर्तुळे असतील तर वाफच. बाथरूमचा पंखा माळ्यात हवा सोडत नाही ना, हे तपासा. तो नळीने थेट बाहेर न्या. उघड्या पत्र्याला रात्री सुटणारा घामही याच जातीचा, त्याला प्रश्न ५ आणि ६ मधले उपाय लागू. लाकडातली ओल २० टक्क्यांवर असेल तर सुकेपर्यंत अस्तर बंद करू नका.

१७. उंदीर आणि मुंग्या इन्सुलेशन खातात का?

खात नाहीत, पण पोखरून घर करतात, थर्माकोलमध्ये सर्वात सहज. वळचणीची जाळी (प्रश्न ५) धातूची घ्या. नायलॉनची जाळी उंदीर कुरतडतो.

१८. छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचे आहे. त्याला आतून इन्सुलेशन ठोकू का?

पत्रा ॲस्बेस्टॉसचा असण्याची शक्यता असेल तर त्याला भोक पाडू नका, घासू नका, कापू नका, खालचा कचरा कोरडा झाडूही नका. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर कित्येक दशकांनी कर्करोग होऊ शकतो. नमुना तपासून घ्या. पत्रा धड असेल तर त्याला हात न लावता, वाशांना किंवा भिंतींना आधार दिलेली वेगळी चौकट उभी करून तिच्यात इन्सुलेशन बसवता येते. पत्रा तडकलेला, भुगा पडणारा असेल तर प्रशिक्षित माणसांकडून तो आधी उतरवा, आणि इन्सुलेशनचे पैसे नव्या छपराच्या वेळेपर्यंत राखून ठेवा.